बैलांची नावं पुकारतो, पोरांची कधी?

आमच्या गावच्या यात्रेत गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या चैत्रात, मी एक उद्योग केला. देवळापुढच्या मंडपात माईकजवळ खुर्ची टाकून बसलो आणि दिवसभरात कुणाकुणाची नावं पुकारली जातात ते वहीत टिपत गेलो. निवृत्त मास्तराला यात्रेत दुसरं काम तरी काय असतं? सकाळी अभिषेकाचे मानकरी झाले. मग वर्गणीदार, पाचशे एकपासून एकवीस हजारांपर्यंत. नाव, वडिलांचं नाव, हल्ली मुक्काम कोइमतूर, हल्ली मुक्काम कानपूर. दुपारी माळावर शर्यती. तिथला निवेदक म्हणजे तोंडाचा पट्टा. गाडीमालक, त्याचं गाव, हाकणारा आणि बैल, सगळ्यांची नावं विशेषणांसकट. संध्याकाळी कुस्त्या. प्रत्येक जोड, त्यांच्या तालमी, त्यांचे वस्ताद, शिवाय इनाम लावणारा. मधूनच निळ्या फ्रॉकातली एक हरवलेली पोरगी आणि रस्त्यात आडवी लावलेली एक मोटारसायकल. रात्री दहाला वही मिटली तेव्हा अडीचशेच्या वर नावं झाली होती. त्यांत बैल बावीस.

महिन्यापूर्वी दहावीचा शेवटचा पेपर देऊन मोकळी झालेली गावची एकतीस पोरं-पोरी त्याच गर्दीत बर्फाचा गोळा चोखत हिंडत होती. त्यांच्यातलं एकही नाव माझ्या वहीत नव्हतं. खोटं कशाला बोलू, एक होतं. ती आडवी मोटारसायकल त्याचीच होती.

बैलांशी माझं काही वैर नाही. सर्वोच्च न्यायालयानं ७ मे २०१४ ला शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्ये अटी घालून परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं राज्याचा कायदा वैध ठरवला. या नऊ वर्षांत आमच्या भागातल्या लोकांनी मोर्चे काढले, रस्ते अडवले, खटल्याच्या तारखा तोंडपाठ केल्या. एका प्रथेसाठी एवढा जीव टाकणाऱ्या माणसांना एक नवी प्रथा सुरू करता येणार नाही, हे मला पटत नाही. माझं म्हणणं थोडक्यात असं: दहावीची परीक्षा दिलेल्या गावच्या पोरांना यात्रेत, भर मंडपात, नाव पुकारून गावानं निरोप द्यावा. सगळ्यांना. आणि निकाल लागायच्या आधी.

आता हे गावानं का करायचं, शाळा आहे की, असं कुणी म्हणेल. आमचा पट्टा गलाईचा. खानापूर, आटपाडी, खटाव, माण या सांगली-साताऱ्याकडच्या कोरड्या तालुक्यांतली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पांगली. केरळातल्या किंवा उत्तर प्रदेशातल्या एखाद्या सराफी गल्लीत शिरा, मराठी बोलणारा कुणीतरी भट्टीपुढं बसलेला सापडेल. त्यामुळं आमच्याकडं दहावी हा शिक्षणाचा टप्पा कमी आणि एसटीचा थांबा जास्त. पेपर संपले की मामा नाहीतर चुलता फोनवर विचारतो, ‘मग, पाठवताय न्हवं दुकानावर?’ उरलेल्यांतला कुणी कराडला अकरावीला, कुणी भरतीच्या अकॅडमीत, कुणी पुण्याच्या कंपनीत हेल्पर. तिकडं जावळी-पाटणच्या डोंगरातली पोरं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या बाजारात माथाडी कामाला गेली, त्यातलाच प्रकार. गाव सुटतं ते दहावीला. पुढच्या चैत्रात हीच पोरं येतात ती दोन दिवसांचे पाहुणे म्हणून, हातात मिठाईचा पुडा घेऊन. त्यांना जाताना कुणी ‘ये बाबा’ म्हटलेलंच नसतं.

शाळेचा निरोप कसा असतो ते मी एकतीस वर्षं पाहिलंय, नव्हे, मीच दिलाय. जानेवारीच्या शेवटी नववीची पोरं फळ्यावर रंगीत खडूनं ‘निरोप समारंभ’ लिहितात. दोन मुली रडतात, एक मुलगा सरांची नक्कल करतो, वर्गणी काढून शाळेला भिंतीवरचं घड्याळ दिलं जातं. माझ्या शेवटच्या वर्षी शाळेत अशी चौदा घड्याळं होती आणि त्यांच्यात वेळेबाबत एकमत नव्हतं. हा निरोप परीक्षेच्या आधीचा. तो निरोप नसतोच, ती धास्ती असते. भाषणात सगळा भर ‘कॉपी करू नका’ यावर.

खरा निरोप जूनमध्ये, ऑफिसच्या खिडकीतून. शाळा सोडल्याचा दाखला घ्यायला पोरगं येतं. खिडकीला गज. आतून आवाज येतो, ‘पैसे सुट्टे दे. इथं सही कर. तिथं न्हाई, इथं.’ दाखल्यावर रकाने असतात. अभ्यासातील प्रगती : समाधानकारक. वर्तणूक : चांगली. शाळा सोडण्याचे कारण : इयत्ता १० वी उत्तीर्ण. एका बहाद्दरानं शाळेची घंटा विहिरीत टाकली होती, त्याचीही वर्तणूक ‘चांगली’च लिहिली गेली, आणि ते बरोबरच झालं. पण इतकी वर्षं त्या आवारात काढलेला मुलगा दाखला चौपदरी करून खिशात घालतो आणि सायकलीला टांग मारून जातो, तेव्हा मागं वळून पाहावं असं तिथं कुणी उभं नसतं. मीसुद्धा नसायचो. आठवीच्या प्रवेशाचे फॉर्म तपासत असायचो.

मग उरतो तो गुणगौरव. जून-जुलैत गावोगाव याचं पीक येतं. अमुक मंचातर्फे, तमुक दादांच्या वाढदिवसानिमित्त, ८५ टक्क्यांच्या वरच्या गुणवंतांचा सत्कार. फ्लेक्सवर दादांचं तोंड ढालीएवढं आणि गुणवंतांची तोंडं बटणाएवढी. बोर्डानं राज्यभराची गुणवत्ता यादी जाहीर करणं केव्हाच थांबवलं, कारण पहिल्या-दुसऱ्या नंबराच्या शर्यतीत पोरं भरडली जातात. ती यादी फ्लेक्सवाल्यांनी चालू ठेवली. २०२५ चा दहावीचा निकाल ९४.१० टक्के लागला, राज्यात २११ जणांना पैकीच्या पैकी, शंभर टक्के मिळाले. एवढ्या उंच निकालात झालंय असं, की ७२ टक्केवाला पोरगा पेढे वाटायला लाजतो. त्याचा बाप त्याच शाळेत दोनदा गटांगळ्या खाऊन ३८ टक्क्यांनी सुटला होता आणि तेव्हा त्याच्या घरी वाजंत्री लागली होती, हे मला माहीत आहे. मार्क वाढले आणि आनंद आटला. ज्यांच्या गुणपत्रिकेवर हल्ली ‘नापास’ न लिहिता ‘कौशल्य विकासास पात्र’ असं काहीतरी गोड लिहून येतं, त्यांचं तर विचारूच नका. शब्द बदलला तरी त्या दिवशी ती पोरं मळ्यातल्या वस्तीवर जाऊन बसतात, हे काही बदललं नाही.

दुसरीकडं हे कसं होतं ते एकदा जवळून पाहिलं. चार वर्षांपूर्वी न्यू जर्सीत भाचीकडं होतो. तिचा थोरला हायस्कूल संपवत होता. फुटबॉलच्या मैदानावर खुर्च्या, अंगात झगे, डोक्यावर चौकोनी टोप्या, आणि मग आडनावाच्या क्रमानं एकेकाचं नाव. मुख्याध्यापकांनी आधीच विनंती केली होती की टाळ्या शेवटी एकदमच वाजवा, म्हणजे कुणाला जास्त, कुणाला कमी असं होणार नाही. ती कुणीही पाळली नाही. एका दणकट पोराच्या नावाला तर त्याच्या आजीनं भोंगा वाजवला. भाचीनं कानात सांगितलं, हा कसाबसा सुटलाय. त्याच आठवड्यात गावात कार्निव्हल होता. तिथल्या कितीतरी छोट्या गावांत आग विझवणारे पगारी नसतात, गावातलेच स्वयंसेवक असतात, आणि बंबाच्या खर्चासाठी ते उन्हाळ्यात असा मेळा भरवतात. पाळणे फिरत्या कंपनीचे, ट्रकवरून येणारे, अगदी आपल्या पाळणेवाल्यांसारखे. तिकिटाच्या खिडकीत तोच भोंगेवाला पोरगा बसला होता, आणि येणारा प्रत्येक जण आधी त्याच्याशी हात मिळवत होता, मग तिकीट घेत होता. नाव मैदानावर पुकारलं गेलं होतं, त्यामुळं ते सगळ्यांना ठाऊक होतं.

तिकडं सगळं गोड आहे असं नव्हे. झग्याचे पैसे वेगळे, हुशारांच्या गळ्यात सोनेरी गोंडे, आणि ज्यांचे विषय पुरे झाले नाहीत ते त्या दिवशी बहुतेक घरीच बसतात. त्या रात्री पोरं पिऊन गाड्या हाकतात आणि मरतात, म्हणून अमेरिकेतल्याच मेन राज्यात १९८० साली या समारंभाच्या रात्री दारूविना रात्रभर जागरणाचा कार्यक्रम सुरू झाला आणि तो देशभर पसरला. हे ऐकून मला आमची यात्राच आठवली. परीक्षा संपल्याच्या आनंदात पहिली क्वार्टर कुठं फुटते? तमाशाच्या तंबूमागं. पोराला मोठं झाल्याची खूण हवी असते. गाव देत नाही, मग ती तो बाटलीत शोधतो.

आणि निकालाच्या आधीच का, तर पंचांग पाहा. २०२५ मध्ये दहावीचा शेवटचा पेपर झाला १७ मार्चला. गुढीपाडवा ३० मार्चला. चैत्री पौर्णिमा, जोतिबाची मोठी यात्रा, १२ एप्रिलला. बुद्धपौर्णिमा, जिथं तमाशाचा आणि गावयात्रांचा हंगाम मावळतो, ती १२ मेला. आणि दहावीचा निकाल लागला १३ मेला, दुपारी एक वाजता. म्हणजे यात्रांचा अख्खा हंगाम पेपर आणि निकाल यांच्या मधल्या फटीत बसतो. दर वर्षी इतका तंतोतंत नाही बसणार, काही दिवस इकडंतिकडं, पण मांडणी हीच. या काळात गावात एकही पोरगं पास नसतं आणि एकही नापास नसतं. सगळ्यांनी पेपर दिलेले, एवढंच खरं. ऊस कारखान्यांचा हंगामही तोवर आटपलेला असतो, त्यामुळं तोडीला गेलेली घरं परतलेली असतात. गलाईवाले आलेले असतात. पोराचं नाव ऐकायला त्याचा बाप वर्षातून ज्या दोन दिवशी गावात असतो, ते हेच दोन दिवस. जुलैतल्या गुणगौरवाला तो भट्टीपुढं असतो.

आक्षेप मी ऐकून झालोय. यात्रा देवाची, तिथं शाळा कशाला, हा पहिला. देवाच्या यात्रेत ऑर्केस्ट्रा चालतो, मोबाइल कंपनीचा फुगा चालतो, आमदारांचं वीस मिनिटांचं मनोगत चालतं. पोरांच्या कपाळाला आमच्या ग्रामदैवताचा, नाथाचा गुलाल लागला तर नाथ रागावणार नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा: पुढारी हाही कार्यक्रम गिळतील. गिळतील, जर त्यांना गिळायला काही ठेवलं तर. म्हणून हार नको, शाल-श्रीफळ नको, ट्रॉफी नको, व्यासपीठावर खुर्च्या नकोत. फोटोत देण्याघेण्याची वस्तूच नसली की देणाऱ्याला उभं राहायला जागा उरत नाही. फक्त नाव पुकारायचं, पोरानं पुढं यायचं, पुजाऱ्यानं गुलाल लावायचा. आणि वाचायला शर्यतीचा निवेदकच हवा. माझ्यासारख्या मास्तरानं वाचलं तर ती हजेरी होईल. ज्या आवाजात ‘बकासुर’सारख्या बैलाचं नाव पुकारलं की माळ उठून उभा राहतो, त्याच आवाजात ‘सानिका’ ऐकू येऊ दे.

क्रमाचाही प्रश्न आहे आणि तो साधा नाही. आमच्या यात्रेत प्रत्येक गोष्टीला मानाचा क्रम आहे. पालखीचा पहिला खांदा कुणाचा, सासनकाठी कुणाची, नैवेद्य आधी कुठल्या वाड्यातला. त्यावरून डोकी फुटलेली मी पाहिली आहेत, आणि कुठल्या वस्तीची वर्गणी घेतात पण खांदा देत नाहीत तेही पाहिलं आहे. या सगळ्यात गावात एकच यादी अशी आहे जिच्यात मान शिरलेला नाही: वर्गाचा हजेरीपट. तिथं पाटलाचा पोरगा चोविसावा असतो आणि त्याला त्यात काही वाटत नाही. मंडपात तोच क्रम चालवावा. फक्त मुलं आधी आणि मुली नंतर ही हजेरीपटाची जुनी खोड मात्र मोडावी.

मुलींसाठी तर हे जास्तच हवं. यात्रेच्या दिवशी मुली कुठं असतात? चुलीपुढं. पाहुण्यांच्या पंगती उठतात, त्या भाकरी कोण थापतं? कुस्त्या आणि तमाशा हे पुरुषांचे, मंडप दुपारनंतर पुरुषांचा. पुढं लग्न झालं की तिला यात्रेचं बोलावणं येतं ते माहेरवाशीण म्हणून. म्हणजे स्वतःच्या गावात, स्वतःच्या नावानं, ती चारचौघांत कधीच उभी राहत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ मध्ये, महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्क्यांची लग्नं अठराच्या आत झालेली निघाली. शिक्षणहक्काचा कायदा चौदाव्या वर्षी हात सोडतो, आणि चौदा ते अठरा या चार वर्षांत मुलीला धरून ठेवायला गावात कुणी नसतं. नाव पुकारल्यानं लग्नं थांबतील असा माझा भाबडा समज नाही. पण चैत्रात जिचं नाव अख्ख्या गावानं ऐकलं, तिचं वैशाखात गुपचूप उरकताना कुणीतरी एक जण तरी ‘अरे, ती तर आत्ता दहावी झाली’ म्हणेल, एवढी आशा धरायला हरकत नाही.

आता अवघड भाग. यादी कुठली वाचायची? हायस्कूलची यादी सोपी, पण ती अपुरी आहे. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसलेली दोघं तिच्यात नाहीत. आजोळी राहून शिकणारी दोघं नाहीत. म्हणून मी गावच्या जिल्हा परिषद शाळेत गेलो आणि दहा वर्षांपूर्वीच्या जूनचं, पहिलीचं पान काढायला लावलं. अडतीस नावं होती. दहावीला बसलेल्या एकतीस जणांत त्यांतली सत्तावीस सापडली. राहिली अकरा. चौघांची बिऱ्हाडं दुकानांच्या गावी हलली, ती तिकडं शिकतात. दोन मुलगे आठवीनंतर भट्टीवर गेले. एक जण ट्रॅक्टर चालवतो, उत्तम चालवतो. तिघींची लग्नं झाली. एक नाव दगडफोड्यांच्या पालावरच्या मुलाचं होतं, तीन महिनेच शाळेत आलेला. त्याचा ठावठिकाणा कुणालाच सांगता आला नाही.

ही अकरा नावं मंडपात वाचायची का? माझं मन दोन्हीकडं ओढतं. वाचली तर जे पुढं येणार नाहीत त्यांची शोभा होईल, असं बायको म्हणाली, आणि ती सहसा चुकत नाही. पण शोभा कुणाची होते ते बघायला हवं. त्या तिघींच्या लग्नात मांडवाखाली जेवलेली माणसंच देवळाच्या मंडपात बसलेली असतील. त्यांतल्या एकीच्या लग्नाला मी गेलो होतो. मुलीचं वय मला पाठ होतं, तिची जन्मतारीख अक्षरी मीच लिहिली होती, तरी अक्षता टाकून, जिलेबी खाऊन घरी आलो. ग्रामसेवकाला एक फोन करायचा होता. बालविवाह रोखण्याची जबाबदारी कायद्यानं त्याच्यावर आहे. केला नाही. म्हणून माझं मत असं झालंय की नावं वाचावीत, आधी घरी जाऊन विचारून. ट्रॅक्टरवाला नक्की येईल, त्यानंही गुलाल लावून घ्यावा. दहावी न देता गाव राखणारा तोच आहे. जे घर नको म्हणेल त्याचं नाव गाळावं, पण पहिलीच्या वर्गात अडतीस जण होते हा आकडा सुरुवातीला मोठ्यानं सांगावा. हिशेब ज्याला करायचा तो करेल.

यंदाच्या यात्रा कमिटीच्या बैठकीत मी नव्या वर्गाबरोबर या जुन्या वर्गाचंही मांडलं, कारण त्यांचं राहून गेलंय. अध्यक्ष माझेच विद्यार्थी. त्यांनी शांतपणे ऐकलं, मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि विचारलं, ‘गुरुजी, पाचला कुस्त्या लावायच्यात. किती वेळ जाईल?’

मी घरी मोजून आलो होतो. अडतीस नावं, प्रत्येकाच्या आईच्या आणि वडिलांच्या नावासकट, सावकाश: सव्वाचार मिनिटं. वर्गणीच्या यादीला गेल्या साली पावणेदोन तास लागले होते. ते बोललो नाही, कारण ती यादी अध्यक्षच वाचतात.

‘बसंल,’ ते म्हणाले. ‘पण टाइप करून आणा. तुमचं अक्षर निवेदकाला लागायचं न्हाई.’